‘मेलटू’मधलं ‘टू’ कशाला?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी स्वतःच करतेय. ‘आम्हाला लिहा’ या शब्दांवर ईमेलची लिंक दिली, पण दाबलं की काही होईना. भाचा म्हणाला, ‘मावशी, नुसतं मेल नाही, मेलटू लिही.’ लिहिलं आणि चाललं. पण हे असलं नाव का? आणि वेबसाइटच्या पत्त्यात असतात तशा दोन तिरक्या रेघा इथे का नाहीत?
– एक ग्रंथपाल, कराड

उत्तर : ताई, तुम्हाला खटकलं ते मलाही वर्षानुवर्षं खटकतंय. लिंकमधल्या कोलनच्या (:) आधीचा शब्द पाहून ब्राउजर ठरवतो की पुढच्या मजकुराचं काय करायचं. ‘मेल’ हे नाव त्याच्या ओळखीचंच नाही. वेबपत्ते कसे लिहायचे याच्या डिसेंबर १९९४च्या नियमावलीत ‘मेलटू’ आलं, आणि ही लिंक थेट उघडता येईल अशा कुठल्याही वस्तूची नाही, हेही तिथेच लिहून ठेवलंय. दोन रेघांनंतर सर्व्हरचं नाव येतं. इथे सर्व्हर गाठायचाच नसतो, म्हणून रेघा नाहीत.

पण नाव चुकलंच, असं माझं ठाम मत आहे. पत्ता म्हणजे नाम. ‘अमक्याला मेल कर’ ही आज्ञा झाली. वाचनालयाच्या पाटीवर आपण ‘टिळक पथ’ लिहितो, ‘टिळक पथाला या’ असं नाही. २००० साली फोन नंबरच्या लिंकसाठी नाव ठरवताना ‘कॉलटू’चाही विचार झाला होता. लिंकने ठिकाण सांगावं, काय करायचं ते सांगू नये, या कारणाने ते नाकारून ‘टेल’ घेतलं. फार शहाणपणाचा निर्णय! तोवर ‘मेलटू’ मात्र इतक्या पानांवर पसरलं होतं की बदलणं शक्य नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. लिंकमध्येच विषय भरून ठेवता येतो, पण मराठी विषय हाताने टाइप करू नका; लिंकमध्ये मराठी अक्षरं सांकेतिक रूपात लिहावी लागतात. ‘सभासद’ घ्या : स, भ, काना, स, द. पाच चिन्हं, यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकाचे तीन बाइट (साठवणीचे तुकडे), आणि दर बाइटला टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं. झाली ४५ अक्षरांची शेपटी! ती रूपांतर करणाऱ्या साधनातूनच काढा. दोन शब्दांमधल्या जागेसाठी टक्क्याची खूण आणि २० असं लिहा. त्याऐवजी अधिकचं चिन्ह (+) टाकलंत, तर काही ठिकाणी विषयात ते तसंच उमटतं.

आणि ‘आम्हाला लिहा’ काढून तिथे अख्खा ईमेल पत्ताच लिहा. ज्याच्या संगणकावर मेलचा प्रोग्राम लावलेला नाही, त्याच्याकडे बरोबर लिहिलेली लिंकही मुकीच राहते. पत्ता डोळ्यांसमोर असला, तर तो निदान कागदावर उतरवून घेईल.