धडगावची फेलोशिप की नाशिकची नोकरी? कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो ते आधी बघा

प्रश्न: मी २२ वर्षांची, शिंदखेडा तालुक्यातली. मे महिन्यात बी.एस्सी. कृषी पूर्ण झालं. एका संस्थेची १४ महिन्यांची फेलोशिप मिळाली आहे. ऑगस्टपासून धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर युवा गटांसोबत काम करायचं. स्टायपेंड महिना १८,०००, प्रवासाला २,०००, पूर्ण केल्यावर ४०,००० एकरकमी. दुसरीकडे नाशिकला बियाणे कंपनीत जुलैपासून नोकरी आहे, हातात २४,०००. शैक्षणिक कर्ज ३,२०,०००, व्याज १०.५ टक्के, शिकत असतानाचं व्याज वडिलांनी भरलं. वडिलांची चार एकर कपाशी आहे. घरचे म्हणतात, सव्वा वर्ष वाया जाईल. काय करू?

उत्तर: महिन्याला सहा हजारांचा फरक दिसतो, म्हणून घरच्यांना घोर लागला आहे. तो खरा किती आहे ते आधी पाहू.

नाशिकला खोली ५,०००, मेस ३,८००, कामावर जाण्यायेण्याचे १,२०० आणि वरखर्च २,५०० धरला, तर २४,००० मधून ११,५०० उरतात. मूळ पगार १५,००० धरला तर तुमचे १,८०० आणि कंपनीकडचे ५५० असे २,३५० दरमहा पीएफ खात्यात जमतील, म्हणजे एकूण १३,८५०. धडगावला खोली २,०००, मेस ३,०००, वरखर्च २,५०० आणि प्रवासभत्त्याच्या वर स्वतःच्या खिशातून १,०००. हा शेवटचा आकडा बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. उरतात ९,५००. चौदा महिन्यांत नाशिकचे १,९३,९००, तर धडगावचे १,३३,००० आणि शेवटचे ४०,००० मिळून १,७३,०००. नाशिकची नोकरी महिनाभर आधी सुरू होते, तेही धरलं तरी फरक ३५,००० च्या आतबाहेर राहतो. एवढ्या रकमेसाठी हे काम सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण वेगळी आहे. शैक्षणिक कर्जाची सवलतीची मुदत साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यापासून एक वर्ष असते. तुमचा अभ्यासक्रम मे महिन्यात संपला, म्हणजे पुढच्या जूनपासून हप्ता सुरू. फेलोशिप मात्र पुढच्या सप्टेंबरपर्यंत चालणार. जून ते सप्टेंबर हे चार हप्ते स्टायपेंडमधूनच भरावे लागतील. सात वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण ५,४०० बसतो. काही जुन्या मंजुरीपत्रांत ‘अभ्यासक्रमानंतर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यांपैकी जे आधी’ असं वाक्य असतं. तुमच्या पत्रात ते असेल, तर बँक फेलोशिपला नोकरी मानते का हे शाखेत लेखी विचारा. काउंटरवर ‘काही प्रॉब्लेम नाही’ असं तोंडी सांगितलेलं वर्षभराने कुणाला आठवत नाही.

हा हप्ता चुकला तर त्याची झळ घरापर्यंत जाते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, वडिलांचंही बिघडतं, आणि त्यांना दरवर्षी पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं. वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडतं. पाच हजारांच्या एका हप्त्यापायी बँकेने ते पीककर्ज अडवलं, तर पेरणीच्या तोंडावर वडिलांना सावकाराचं दार पाहावं लागेल. म्हणून हप्त्याचा ऑटो-डेबिट आदेश धडगावला जायच्या आधीच करून ठेवा, आणि हप्त्याची तारीख स्टायपेंड जमा होण्याच्या तारखेनंतर आठ-दहा दिवसांची मागून घ्या. पाड्यावर नेटवर्क नसलं की ओटीपी येत नाही. मोबाइलवरून ऐनवेळी भरू म्हणाल तर दंड बसेल.

आताचं वर्षही मोकळं समजू नका. या १२ महिन्यांत व्याज महिना २,८०० ने चढतंच. ते भरलं नाही तर ३३,६०० मुद्दलात मिळतात, हप्ता ५,९६० च्या घरात जातो आणि सात वर्षांत सुमारे ४७,५०० जादा जातात. ऑगस्टपासून ते दरमहा भरा. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात. तुमच्या शाखेत अर्ज करून विचारा, आपोआप मिळेल असं धरू नका.

आता स्टायपेंडविषयी. करारात तो ‘व्यावसायिक फी’ म्हणून दाखवला असेल तर दर महिन्याला दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जाईल आणि खात्यात १८,००० ऐवजी १६,२०० येतील. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर कपात वीस टक्के. ठेवीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत जो फॉर्म भरून देतात, तो इथे चालत नाही. तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे मुदतीत रिटर्न भरलं की कापलेलं परत येतं. काम दोन आर्थिक वर्षांत पडतं, म्हणून रिटर्नही दोन भरायची.

पहिला स्टायपेंड बहुधा उशिरा येतो. आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं आणि पासबुकावर वडिलांचं नाव गाळलेलं, एवढ्याशा कारणाने खातं पडताळणीत अडकतं. काही ठिकाणी महिन्याचा अहवाल मंजूर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. जाताना ३०,००० हाताशी असू द्या. वडिलांकडून घेतले तर उसने म्हणून लिहून ठेवा. प्रवासाचे पैसेही बिल दिल्यावर मिळतात आणि काळी-पिवळीवाला बिल देत नाही. त्यासाठी एक वही ठेवा: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, भाडं, कामाचं कारण. ती रोज रात्री भरा, आणि महिन्याच्या शेवटी त्यावर समन्वयकाची सही घ्या. आठवणीतून भरलेल्या वहीतले प्रवास कापले जातात, नि ते तुमच्या खिशातून जातात.

या सगळ्यानंतर रोख शिल्लक अशी राहील. टीडीएस जाऊन दरमहा ७,७०० उरतात. पहिले दहा महिने व्याज भरून ४,९०० प्रमाणे ४९,०००, पुढचे चार महिने हप्ता भरून २,३०० प्रमाणे ९,२००. एकूण ५८,२००. वडिलांचे उसने ३०,००० जसेच्या तसे परत जातात, त्याने ही शिल्लक कमी होत नाही. त्यात शेवटचे ३६,००० मिळवा, कारण त्या ४०,००० वरही टीडीएस कापला जाईल. म्हणजे साधारण ९४,०००. पुढची नोकरी मिळायला चार महिने लागले, तरी हप्ता आणि घरचा ६,००० खर्च धरून ४५,६०० लागतील. भागतं, पण मोबाइल किंवा गाडीचा हप्ता यात धरू नका. गाडी घ्यायचीच असेल तर जुनी, रोखीने.

सही करण्याआधी करारात एक कलम नीट वाचा: मध्येच सोडलं तर काय? ४०,००० तर जातीलच. काही करारांत प्रशिक्षणाचा खर्चही वसूल करतात. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही जमा करू नका. आणि शेवटी मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रात ‘पूर्णवेळ’ हा शब्द आणि दोन्ही तारखा येतील हे ईमेलवर मान्य करून घ्या. मुख्यमंत्री फेलोशिपला २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात, आणि तिथलं मानधन तुमच्या आताच्या स्टायपेंडच्या तिपटीहून जास्त आहे. तुमच्या वयाला ते दार उघडं आहे.

विम्याचं थोडक्यात: वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून आजच घ्या, अपघाताला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डवर तुमचं नाव आहे का ते बघा. घाटात जीपने रोज ये-जा करणाऱ्याने ही दोन कामं टाळू नयेत.

धाकट्या भावाचंही विचारलं आहे, की कॉलेजमध्ये शिकता शिकता महिना २,००० ची सेवा-फेलोशिप घ्यावी का. तो महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेत असेल तर आधी थांबा. त्या शिष्यवृत्तीसोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, आणि फेलोशिपच्या पत्रात ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आला तर मोठी रक्कम अडकू शकते. पत्रात ‘मानधन’ लिहिलं आहे का ते पाहून कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडून लेखी खात्री करून घ्यावी. हे जमलं नाही तर एनएसएस आहेच: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. त्यात पैसे मिळत नाहीत, पण शिष्यवृत्तीलाही धक्का लागत नाही.