जुन्या मारुती ८०० चे स्पार्क प्लग आणि प्लग वायरी घरीच बदलता येतील का?

हो, आरामात येतील, तीनच सिलेंडर आहेत. पण इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना प्लग काढला तर अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे जाऊ शकतात आणि मग खर्च खूप वाढतो. आणि सगळ्या वायरी एकदम उपटू नका प्लीज, एक काढा, तिचा प्लग बदला, तेवढ्याच लांबीची नवी वायर त्याच जागी लावा, मगच पुढची, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलेंडरना ठिणगी मिळायचा क्रम) चुकायचा प्रश्नच येत नाही. ओढताना रबरी टोपीला धरायचं, वायरला नाही. नवा प्लग आधी हातानेच फिरवत बसवा, पाना शेवटी थोडासाच. मुंबईच्या पावसात गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे इंजिन अडखळत चालत असेल, तर बऱ्याचदा वायरीच तडकलेल्या असतात, रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन लांबूनच बघा, हात न लावता, ठिणग्या दिसल्या तर पूर्ण सेटच बदला. सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल.