इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिक आरसी बगी (रिमोटवर चालणारी छोटी गाडी) घेऊन शर्यतीत उतरायचं आहे. आधी जोरदार मोटर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त लेस्टरला आलात, १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, टू-व्हील ड्राइव्ह बगी घेतलीत, जवळच्या क्लबात शर्यतीला उतरायचंय आणि शिल्लक २०० पौंडांत १७.५ टर्नची (तारेचे वेढे जास्त असलेली, सौम्य) मोटर काढून जोरदार बसवावी का असा विचार चाललाय.

नका बसवू. मी सहा वर्षं इथल्या क्लबांत पळवतोय आणि पहिल्या वर्षी हीच चूक करून बसलोय.

हिशेब मांडून बघा. इथे हीट, म्हणजे दिवसभरातली एक छोटी शर्यत, ५ मिनिटांची. आमच्या हॉलमध्ये एक फेरी साधारण २५ सेकंदांची, म्हणजे १२ फेऱ्या. गाडी उलटली, मार्शल धावत आला, त्याने ती सरळ केली, तुम्ही पुन्हा वेग घेतलात, की ८ सेकंद गेले. तीन वेळा उलटलात की २४ सेकंद, म्हणजे जवळजवळ एक अख्खी फेरी. निकालात आधी फेऱ्या मोजतात, मग वेळ. जोरदार मोटर आमच्यासारख्या छोट्या ट्रॅकवर फेरीमागे फार तर अर्धा सेकंद देईल. १२ फेऱ्यांचे झाले ६ सेकंद. एका पलटीचीसुद्धा भरपाई होत नाही, आणि त्या मोटरमुळे पलट्या वाढतात ते वेगळंच.

नवख्याचा खरा घोळ वेगाचा नसतो, दिशेचा असतो. तुम्ही रोस्ट्रमवर, म्हणजे त्या उंच माचावर, एकाच जागी उभे. गाडी लांब जात असते तेव्हा डावं ते डावंच. तीच गाडी वळून तुमच्याकडे तोंड करून आली की डावीकडे फिरवलं तर ती तुमच्या उजवीकडे जाते. डोक्याला हे कळतं, बोटांना कळत नाही. माझ्या पहिल्या हीटला गाडी समोरून आली, मी नेमकं उलटं फिरवलं आणि ती एका सत्तरीच्या आजोबांच्या घोट्यावर जाऊन आदळली. ते कोपऱ्यावर मार्शल होते. वाकून त्यांनी गाडी ट्रॅकवर ठेवली, माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या हीटला त्यांनी मला दोन फेऱ्यांनी मागे टाकलं.

यावर उपाय फुकटचा आहे. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन बाटल्या ठेवा आणि इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवत राहा, अर्ध्या वेगाने. बोटांना कळेपर्यंत. कंटाळा येतो, येऊ द्या.

उडीचं मात्र वेगळं आहे, ती ट्रॅकवरच शिकावी लागते. हवेत असताना थ्रॉटल (वेग) दिला तर मागची चाकं वेगाने फिरतात आणि गाडीचं नाक वर उचलतं. ब्रेक दाबला तर नाक खाली येतं. टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, उडताना नाक खाली जातंय असं वाटलं की क्षणभर थ्रॉटल, बस. लोक घाबरून नेमका उलटा हात करतात आणि गाडी कोलांटी खाते.

आता ते २०० पौंड. पहिला खर्च टायरचा. कार्पेट आणि ॲस्ट्रोटर्फ, म्हणजे ते खोटं गवत, यांना वेगळे टायर लागतात. तुमच्या क्लबात पुढची मंडळी काय वापरतात ते विचारा आणि डोळे मिटून तेच घ्या, इथे स्वतःचं डोकं लावायचं कारण नाही. टायर रिमला चिकटवावे लागतात, आपलं फेव्हिक्विक असतं तसल्याच गोंदाने. कडेचा एक सेंटिमीटर जरी सुटा राहिला तर दुसऱ्या फेरीत टायर निघून येतो. मग पुढच्या विशबोनच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या, दोन जोड्या, कारण ट्रॅकच्या कडेच्या पाइपाला धडकून तेच तुटतात. एक जादा बॅटरी आणि तिच्यासाठी लिपो सॅक, म्हणजे लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी ठेवायची आगरोधक पिशवी. टू-एस, म्हणजे दोन सेलची, लिपो पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट होते. आठवडाभर ती तशीच भरून ठेवू नका, सेलमागे ३.८ च्या आसपास आणून ठेवा. चार्ज करताना सॅकमध्येच, आणि नजरेसमोर. बी.आर.सी.ए.चं, म्हणजे ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनचं, सभासदत्वही घेऊन टाका, विमा त्यातच येतो.

टू-व्हील घेतलीत हे बरं केलंत. फोर-व्हील चुका पोटात घालते, मागची दोनच चाकं ओढणारी गाडी थ्रॉटलचा हात हळू करायला लावते. आणि राहता आहात तो मुलूखही या खेळाचाच आहे. तुमच्यापासून जवळच नॉर्थॅम्प्टनला शूमाकर या आरसी गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मारला या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हीलचं विजेतेपद असोसिएटेड या अमेरिकी कंपनीच्या आरसी-टेन गाडीला मिळालं. दोन वर्षांनी ही स्पर्धा इंग्लंडात रॉम्सीला आली आणि जपानच्या मासामी हिरोसाकाने फोर-व्हील जिंकली ती याच शूमाकरच्या कॅट गाडीवर. आमच्या त्या आजोबांकडे अजूनही एक कॅट आहे. ती पळवत नाहीत, नुसती पिट टेबलावर, म्हणजे गाडी दुरुस्त करायच्या टेबलावर, ठेवतात.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमची हीट संपली की पुढच्या हीटला तुम्ही मार्शल. माझ्या दुसऱ्याच शर्यतीत मी हे विसरून बॅटरी चार्जला लावत बसलो आणि माझी त्या दिवसाची सर्वांत चांगली हीट निकालातून काढून टाकली. राग आला होता, पण नियम बरोबरच आहे. पुढे कळलं की शिकायची जागाही तीच. अवघड वळणावर मार्शल म्हणून उभे राहा आणि ५ मिनिटं फक्त पहिल्या दोन गाड्या बघा. वळणाच्या किती आधी थ्रॉटल सोडतात ते मोटरच्या आवाजावरून कळतं. तुम्ही सोडता त्याच्या पुष्कळ आधी सोडतात. फक्त गाडी उचलायला जाताना दोन्ही बाजूंना बघा, घोटे सांभाळा.

टेबल आणि खुर्ची घरून न्यावी लागते, क्लब देत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसभर टूलबॉक्सवर बसून होतो.