फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंटच्या तक्रारींचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो की, पण काउंटरवर नुसतं पुटपुटून आलात तर ती तक्रार तिथेच विरते. आमच्या कोथरूडकडे अजूनही काही दवाखान्यांत डॉक्टर आत आणि कंपाउंडर बाहेर पुड्या बांधतोय, त्यामुळे मागच्या वेळी गोळी वेगळी होती किंवा ब्लड रिपोर्ट येऊन पडलाय पण कुणी कळवलंच नाही, हे आधी पेशंटलाच कळतं, डॉक्टरांना नाही. अशा तक्रारी तारखेसकट वहीत लिहून महिन्याने चाळल्या की नेमका गोंधळ कुठे होतोय ते दिसतं, एकट्या कंपाउंडरवर ओरडून काय होणार? आणि चिठ्ठीचं म्हणाल तर २०१६ पासून नियमच आहे, औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे कंपनीच्या ब्रँडचं नाही, मूळ औषधाचं) वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहायचं, तेव्हा अक्षर लागत नसेल तर बिनधास्त परत लिहून मागा, चिडले तर चिडले.