करोना आणि आतड्यांचे विकार : वाचकांचे प्रश्न, पोटविकारतज्ज्ञांची उत्तरे

करोनाच्या साथीची आणीबाणी संपून बराच काळ लोटला, तरी पोटाच्या तक्रारींविषयी येणाऱ्या पत्रांत त्याचे नाव अजून हटकून असते. काही तक्रारींचे खापर त्याच्यावर योग्य कारणाने फुटते, तर काहींचे उगीचच फोडले जाते. या वेळी निवडलेल्या पत्रांत दोन्ही प्रकार आहेत.

घरातल्या चौघांना करोना झाला. तिघांना ताप आणि खोकला होता. मला मात्र खोकला जवळजवळ नव्हताच, फक्त मळमळ आणि चार दिवस जुलाब. फुप्फुसांचा आजार पोटात कसा उतरला? — एक वाचक, नाशिक

करोना म्हणजे फुप्फुसांचा आजार, हे समीकरण २०२० मधील व्हेंटिलेटरच्या बातम्यांनी आपल्या मनात पक्के केले. प्रत्यक्षात हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ नावाच्या ज्या प्रथिनाचा आधार घेतो, ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मुबलक असते. एरवी हे प्रथिन अमायनो आम्लांच्या शोषणाला हातभार लावते. विषाणूमुळे या अस्तराचे काम बिघडले आणि त्याला सूज आली, की जे पाणी शोषले जायला हवे ते आतड्यातच राहते आणि जुलाब होतात. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये सापडलेल्या पहिल्याच रुग्णाला पातळ शौचाचा त्रास झाला होता आणि त्याच्या विष्ठेत विषाणूचे अंश मिळाले होते. पशुवैद्यकांना याचे फारसे नवल वाटले नसावे, कारण वासरांच्या हगवणीमागे आणि डुकरांच्या पिलांमधील जीवघेण्या जुलाबांमागे करोना कुळातले विषाणू असू शकतात, हे त्यांना कित्येक दशके ठाऊक होते.

जुलाबांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत साधारणपणे १० ते २० टक्के आढळले आहे आणि बहुतेकांचे जुलाब आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. साथीच्या काळात ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन घरोघरी गेले, पण त्यांचा विषाणूवर काही परिणाम नव्हता आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंवर मात्र झाला. खरी गरज असते ती पाणी आणि क्षार भरून काढण्याची. ओआरएसचे २१ ग्रॅमचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकण्याची पद्धत चुकीची आहे, कारण मिश्रण दाट झाले तर जुलाब वाढतात. पेज, वरणाचे पाणी, ताक चालेल. वयस्कर माणसाला सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा तो गुंगीत वाटू लागला, तर घरी थांबू नये.

माझे काका ५८ वर्षांचे, मधुमेही. दुसऱ्या लाटेत करोनामुळे रुग्णालयात होते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोटात असह्य कळा सुरू झाल्या. गॅस म्हणून इंजेक्शन दिले गेले, सोनोग्राफीत काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आता जरा बरे आहे. आणि त्याच रात्री पोट फुगून ते अत्यवस्थ झाले. शस्त्रक्रियेत सुमारे चार फूट काळे पडलेले आतडे काढावे लागले. हे करोनामुळेच झाले का, आणि आधी कळले नसते का? — एक वाचक, सांगली

तुम्ही केलेले वर्णन आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या विकाराशी तंतोतंत जुळते. करोनाच्या संसर्गात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला दाह होतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गुठळी पायात किंवा फुप्फुसात होते हे आता सर्वांना माहीत आहे. तीच गुठळी लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत किंवा तिथून रक्त परत नेणाऱ्या शिरेत अडकली, तर आतड्याचा तो भाग गुदमरतो. हा धोका ताप उतरताच संपत नाही. घरी परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी असे रुग्ण दाखल झाल्याची उदाहरणे दुसऱ्या लाटेत अनेक ठिकाणी नोंदवली गेली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णांचे दोन गट तपासले गेले होते : एका गटाचा तीव्र श्वसनविकार करोनामुळे होता, दुसऱ्याचा इतर कारणांनी. पोटाची कोणती ना कोणती गुंतागुंत पहिल्या गटात ७४ टक्क्यांना, तर दुसऱ्यात ३७ टक्क्यांना झाली. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे रुग्ण थोडे होते, पण ते सगळे करोनाच्या गटातले होते.

आता ओळखण्याविषयी. या विकाराची सुरुवातीची खूण अशी, की रुग्ण गडाबडा लोळत असतो आणि डॉक्टर पोट दाबून पाहतात तेव्हा ते मऊ लागते. वेदना आणि तपासणी यांचा मेळ बसत नाही. नेमक्या याच विसंगतीमुळे ‘गॅस’ हे निदान जवळचे वाटते. साध्या एक्स-रेमध्ये या टप्प्यावर बहुधा काहीच दिसत नाही आणि फुगलेल्या पोटाच्या सोनोग्राफीत वायूमुळे रक्तवाहिन्या झाकल्या जातात, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर कोणी विसंबू नये. रक्तातील डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा अंश, वाढलेले असते, पण करोनात ते असेही वाढते. निदान त्यावर होत नाही. खात्री देते ती शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी. रंगद्रव्याने मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाला इजा होईल या काळजीने ती लांबणीवर टाकण्याकडे कल असतो. या प्रसंगी तो कल मला मान्य नाही, कारण रक्तपुरवठा पूर्ण थांबलेले आतडे सहा तासांच्या आसपास कायमचे निकामी होऊ लागते. शिरेतल्या गुठळीत मात्र घटनाक्रम संथ असतो, दुखणे काही दिवस कमी-जास्त होत राहते.

काका ‘आता बरे आहे’ म्हणाले, तो क्षण फसवा होता. आतड्याचे थर मरू लागले की सुरुवातीची तीव्र कळ काही वेळ ओसरते आणि घरचे निश्चिंत होतात. त्यानंतर पोट ताठ होते, फुगते, नाडी वेगाने चालते, रक्तदाब घसरतो. त्यातच स्टेरॉइड चालू असेल, तर पोट ताठ होण्याची खूणही पुसट होते. वेळेत निदान झाले तर हेपॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध आणि गुठळी काढण्याची प्रक्रिया यांवर आतडे वाचू शकते. पहिल्या तपासणीत कोणाची चूक झाली का, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही आणि ठरवणार नाही. एवढे मात्र म्हणतो, की अलीकडेच करोना होऊन गेल्याचे तिथल्या डॉक्टरांना ठळकपणे सांगितले गेले असते, तर त्यांचा विचार त्या दिशेने वळण्याची शक्यता वाढली असती.

लहान आतडे सहा मीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे चार फूट गमावून माणूस नेहमीचे अन्न खाऊन व्यवस्थित जगू शकतो. शस्त्रक्रियेच्या कागदांवर एक गोष्ट मात्र शोधा : काढलेला भाग लहान आतड्याच्या अगदी शेवटचा होता का. ब-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते. तो भाग गेला असल्यास ब-१२ ची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरल्यामुळे होणारे जुलाब वेगळ्या औषधाने आटोक्यात येतात. काका मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असतील, तर ब-१२ आणखी घटते. रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी करावी.

करोनातून उठल्यावर तीन आठवड्यांनी आईला शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध समजून आम्ही मलम लावत राहिलो. पुढे कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात व्रण दिसले. तिला स्टेरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. — एक वाचक, ठाणे

व्रण विषाणूने केले की उपचारांनी, असा तुमच्या पत्राचा रोख आहे. बऱ्याचदा त्यात दोघांचाही वाटा असतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि शरीरात सुप्त असलेला सायटोमेगॅलो विषाणू डोके वर काढतो. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाने एप्रिल-मे २०२१ मधील असे पाच रुग्ण जाहीर केले होते. करोनाचे निदान झाल्यानंतर २० ते ३० दिवसांनी त्यांना पोटदुखी आणि शौचावाटे रक्तस्राव सुरू झाला होता. व्रणाच्या तुकड्याच्या तपासणीवरून हा विषाणू ओळखता येतो आणि त्यावर गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आहे.

दुसरी शक्यता अँटिबायोटिकनंतर माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूची. त्याची तपासणी शौचाच्या नमुन्यावर होते. तिसरी काळी बुरशी, म्हणजे म्युकर. ती नाक आणि डोळ्यांत होते हे २०२१ मध्ये महाराष्ट्राने फार जवळून पाहिले, पण क्वचित ती जठरात किंवा आतड्यातही शिरते, भिंत कुरतडून भोक पाडते, आणि मग अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध आणि शस्त्रक्रिया दोन्हींची गरज भासते. मधुमेह अनियंत्रित असताना जास्त दिवस दिलेले स्टेरॉइड हे तिचे मुख्य आमंत्रण. रक्त पातळ करणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी सहसा व्रण होत नाहीत, असलेल्या व्रणातून रक्त अधिक जाते. आईच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल तुम्ही पाठवलेला नाही; पुढचे उपचार त्यावरच ठरतील. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर स्राव वरच्या भागातून आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते.

आठ वर्षांच्या भाच्याला ताप, उलट्या आणि उजव्या बाजूला पोटदुखी होती. अपेंडिक्स म्हणून शस्त्रक्रिया ठरली, मग सर्जनने डोळे लाल दिसल्यामुळे ती थांबवली आणि करोनाशी संबंधित आजार निघाला. असे होते का? — एक वाचक, रत्नागिरी

होते, आणि त्या सर्जनची नजर वाखाणण्यासारखी आहे. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांची प्रतिकारयंत्रणा अनेक अवयवांवर उलटते. या आजाराला वैद्यकात एमआयएस-सी म्हणतात. त्यात पोटाची लक्षणे इतकी ठळक असतात, की लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि तिथल्या गाठी सुजून अपेंडिक्सचा हुबेहूब भास होतो. सतत ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, लाल ओठ यांपैकी काही सोबत असेल, तर हृदयाची इको तपासणी आधी व्हावी, कारण खरा धोका हृदयाला असतो. इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइडने बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. ओमायक्रॉननंतर हा आजार बराच विरळ झाला आहे.

विष्ठेत विषाणू महिनोन्‌महिने राहतो म्हणतात. मग एकाच संडासातून इतरांना लागण होते का? — एक वाचक, पिंपरी

विष्ठेत सापडतात ते बहुतांशी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे अंश. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाहणीत ते चार महिन्यांनी सुमारे १३ टक्के आणि सात महिन्यांनी सुमारे ४ टक्के रुग्णांत होते, तेही घशात काही उरलेले नसताना. जिवंत, लागण करू शकणारा विषाणू विष्ठेत क्वचितच मिळतो आणि मुख्य प्रसार हवेतूनच होतो. या अंशांचा उपयोग मात्र होतो : पुण्यात सांडपाण्याच्या नमुन्यांवरून साथीचा अंदाज घेण्याचे काम राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केले आहे.

मला करोना होऊन दोन वर्षे झाली. तेव्हाच मधुमेह निघाला, मेटफॉर्मिन सुरू झाले. तेव्हापासून सकाळी तीन-चारदा शौचास जावे लागते, पोट गुरगुरते. वय ४६. आतड्यातील जिवाणूंची महागडी तपासणी करून घ्यावी का? — एक वाचक, पुणे

ती तपासणी करू नये. करोनात आतड्यातील काही उपयुक्त जिवाणू घटतात हे हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवले आहे, पण तुमच्या अहवालातले आकडे पाहून कोणते औषध द्यायचे, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. प्रोबायोटिकच्या बाटल्यांबद्दलही माझे मत फारसे वेगळे नाही. घरचे दही-ताक सोसत असेल तर तेवढे पुरे.

संसर्गानंतर आतडे चिडचिडे होणे, म्हणजे आयबीएस, ही खरी गोष्ट आहे. चौदा देशांतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांच्या पाहणीत वर्षभरानंतर त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, तर करोना न झालेल्यांच्या गटात अर्धा टक्का. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ते पाच टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे धोका वाढतो, पण शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना तो त्रास होत नाही.

तुमच्या पत्रात मला करोनाइतकाच संशय मेटफॉर्मिनचा येतो. जुलाब हा त्या गोळीचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्याने दोष करोनाकडे गेला असावा. गोळी मनाने बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारून सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिन जेवणासोबत घेऊन, किंवा तिच्याऐवजी दुसरे औषध घेऊन महिनाभर पाहा. त्याच महिन्यात थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करून घ्या. ही शेवटची तपासणी आतड्याला खरोखर सूज आहे का ते सांगते. झोपेतून उठवणारे जुलाब, घटणारे वजन, रक्त, किंवा जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग यांपैकी काहीही असेल, तर महिना थांबू नये, थेट कोलोनोस्कोपी करावी.