शब्द अडतात तेव्हा

प्रश्न : मी ऑटिस्टिक आहे. ऐरोलीहून घरी परतताना ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दी तुंबली की माझी वाचाच बसते. वाक्य डोक्यात तयार असतं, ओठांवर येत नाही. काय करू? – वाचक, कळवा

उत्तर : आवाज, धक्के, घोषणा यांचा एकदम मारा झाला की बोलण्याची जुळवाजुळव आधी कोलमडते, समज शाबूत असते. अशा वेळी बोलायचा हट्ट धरू नका, त्याने ताण वाढतो.

एक कार्ड करा. मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत, लॅमिनेट केलेलं : ‘मला ऐकू येतं, समजतं. आत्ता बोलता येत नाही. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. हात लावू नका.’ मागे घरच्या एका माणसाचा नंबर. ते ऑफिसच्या ओळखपत्रामागेच सरकवा. बॅगेत ठेवलेलं कार्ड ऐन वेळी सापडत नाही. मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणारं ॲप घेतलंत तर मराठी आवाज आधीच डाउनलोड करा, कारण गर्दीत नेट रखडतं.

उत्तरं एका शब्दावर आली, की ती पूर्वसूचना समजा. पुलावर न चढता फलाटाच्या मोकळ्या टोकाला जा, इअरप्लग घाला, एकदोन गाड्या सोडा. शब्द परतले तरी लगेच फोन घेऊ नका.

मात्र वाचा जाण्यासोबत तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर तो ताण समजू नये. १०८ ला लगेच फोन करावा. हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.