दोन वेगळी तिकिटे आणि मधला विमानतळ : एका प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : चौघांचे कुटुंब कायमचे परदेशी निघाले आहे, दोन विमानकंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे काढण्याचा विचार आहे, मधल्या विमानतळावर तीन तास दहा मिनिटे मिळतात, तर पहिल्याच काउंटरवर सामान शेवटपर्यंत लावून मिळेल का आणि दोन्ही बोर्डिंग पास तिथेच हाती पडतील का. जाता जाता तुम्ही एकटेपणाविषयीही विचारले आहे. काउंटर किती वाजता उघडतो आणि हातसामानात काय चालते, हे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सविस्तर दिलेले असते, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर मी दोन दिवस उत्तर द्यायचे टाळले, कारण हाच बेत मी स्वतः केला होता आणि घरच्यांना त्याविषयी जे सांगितले होते ते खरे नव्हते.

आधी तिकीट एक आहे की दोन, हे नक्की करून घ्या. एजंटाने दोन्ही उड्डाणे एकाच कागदावर छापून दिली म्हणजे तिकीट एक झाले, असे नसते. प्रत्येक तिकिटाला तेरा अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. दोन्ही उड्डाणांवर एकच क्रमांक असेल, तर वेगवेगळ्या कंपन्यांची विमाने असली तरी तो एक करार आहे. क्रमांक वेगळे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही मधल्या गावीच राहणारे प्रवासी आहात. तुमचे आधीचे विमान वेळेवर येईल की नाही, याच्याशी तिला देणेघेणे नसते. विमानतळांवर ‘किमान जोडणी वेळ’ म्हणून जी ठरवून दिलेली असते, तीही एका तिकिटावरच्या प्रवाशासाठी असते, दोन तिकिटांवरच्या नव्हे.

सामान पुढे लावून देणे हे दोन कंपन्यांमध्ये परस्पर करार आहे की नाही यावर, आणि करार असला तरी पहिल्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. स्वस्त उड्डाणे चालवणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे असे करारच नसतात. मोठ्या कंपन्यांच्या गटांचाही फार भरवसा धरू नका. वनवर्ल्ड गटातल्या कंपन्यांनी वेगवेगळ्या बुकिंगवरचे सामानही पुढे पाठवावे अशी अपेक्षा पूर्वी होती. २०१६ मध्ये ती काढून घेण्यात आली आणि निर्णय ज्या त्या कंपनीवर सोडण्यात आला. त्याआधीच्या प्रवाशांचे अनुभव अजून लोक एकमेकांना सांगत असतात आणि मीही त्यांतलेच दोन अनुभव वाचून निश्चिंत झालो होतो. काउंटरवर कोणी काहीही म्हणो, बॅगेला लावलेल्या टॅगवरची तीन ठळक अक्षरे वाचा. ती मधल्या विमानतळाची असतील, तर बॅग तिथेच पट्ट्यावर येणार आणि ती उचलायला तुम्हाला त्या देशात शिरावे लागणार.

त्या देशात शिरणे हा माझ्या मते या साऱ्या प्रकाराचा गाभा आहे आणि नेमके तेच कोणी आधी सांगत नाही. पहिल्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला तिच्या पडद्यावर तुमचा प्रवास मधल्या देशापर्यंतच दिसतो. म्हणजे तिच्या लेखी तुम्ही एकेरी तिकिटावर, चार माणसे आणि आठ बॅगा घेऊन, परतीचे काही नसताना त्या मधल्या देशात निघालेले आहात. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला, तर दंड कंपनीला बसतो आणि त्याला परत आणण्याचा भारही तिच्यावर पडतो, म्हणून ती आयाटा या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टिमॅटिक या माहितीसाठ्यात तुमचे पारपत्र आणि गंतव्य देश घालून पाहते व पडदा सांगेल तेच करते. तिथे तुमच्या नव्या देशाच्या निवासपरवान्याला दुय्यम महत्त्व असते. पहिला प्रश्न मधल्या देशाच्या व्हिसाचा असतो. युरोपातल्या शेंगेन (सामाईक व्हिसाच्या) देशांचा विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा फक्त आंतरराष्ट्रीय क्षेत्रात थांबण्यापुरता असतो, त्यावर पट्ट्यापर्यंत जाता येत नाही. अमेरिकेत तर विमान बदलण्यापुरते उतरायचे असले तरी रीतसर प्रवेश घ्यावा लागतो, आणि एक तिकीट असले तरी पहिल्या प्रवेशस्थानी सामान उचलून सीमाशुल्कातून न्यावे लागते. अलीकडे एखाददुसऱ्या मार्गावर सूट मिळू लागली आहे, तेवढी सोडून द्या.

म्हणून दुसऱ्या तिकिटाची छापील प्रत, नव्या देशाचा निवासपरवाना किंवा मंजुरीचे पत्र, आणि मधल्या देशाचा लागत असेल तर व्हिसा, हे तिन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून प्रत्येकाच्या पारपत्राबरोबर ठेवा. मोबाइलमध्ये आहे, असे म्हणू नका. आम्हाला पहिल्याच काउंटरवर ‘परतीचे तिकीट कुठे आहे’ असे विचारण्यात आले. आम्ही परत येणारच नाही, हे वाक्य मी आयुष्यात प्रथम काउंटरवरच्या मुलीपुढे, मागे रांग उभी असताना, मोठ्याने उच्चारले. पत्नी तेव्हा दुसरीकडे पाहत होती.

त्या मुलीने बॅगांना टॅग लावले, एक टॅग माझ्याकडे वळवून त्यावरच्या तीन अक्षरांखाली नखाने रेघ ओढली आणि शांतपणे म्हणाली, ‘इथपर्यंतच.’ बुकिंग करताना पडद्यावर ‘ट्रान्स्फर स्वतः करावा लागेल’ असे छोट्या अक्षरांत आलेले मी वाचले होते. पत्नीने तेव्हाच विचारले होते, की याचा अर्थ काय. मी म्हणालो होतो, की तसे लिहायची पद्धत असते, सामान आपोआप जाते. मला ठाऊक नव्हते. एक तिकीट महाग पडत होते आणि ते काढायचे नाही, हे मी आधीच ठरवलेले होते.

आमच्या दोन उड्डाणांत दोन तास पन्नास मिनिटे होती. पहिले विमान पस्तीस मिनिटे उशिरा उतरले, ज्याला विमानप्रवासात कोणी उशीर म्हणतही नाही. दाराबाहेर यायला दहा मिनिटे लागली, प्रवेशाच्या रांगेत चाळीस, पट्ट्यावर आठवी बॅग येईपर्यंत वीस, आणि दुसऱ्या टर्मिनलला जाणाऱ्या बसमध्ये तेरा. उड्डाणाला ५२ मिनिटे राहिली असताना आम्ही काउंटरपाशी पोचलो. काउंटर ६० मिनिटे आधी बंद होत होता. तिथला माणूस पट्ट्याच्या तोंडाशी आडवी फीत लावत होता. आम्ही दुसऱ्या उड्डाणाचे ऑनलाइन चेक-इन आदल्या दिवशीच केले होते, जागांचे क्रमांकही मिळाले होते, पण बोर्डिंग पासच्या जागी ‘काउंटरवर कागद तपासून घ्यावेत’ एवढेच येत होते. आंतरराष्ट्रीय प्रवासात, विशेषतः नव्याने राहायला जाणाऱ्यांच्या बाबतीत, असे वरचेवर होते, तेव्हा ऑनलाइन चेक-इनने तुमची जागा पक्की होते पण काउंटर चुकत नाही, हे लक्षात ठेवा. नुसते हातसामान असलेल्या एकट्या माणसाला बाहेर न पडता ट्रान्स्फरच्या काउंटरवर काम उरकता येण्याची शक्यता तरी असते. घर उचलून निघालेल्या चौघांना ती नसते.

सामानाच्या मर्यादेचेही तसेच आहे. एका तिकिटावर साधारणपणे सबंध प्रवासाला एकच नियम लागतो. दोन तिकिटांवर पहिली कंपनी नग मोजते आणि दुसरी एकूण वजन, असे सर्रास असते, आणि जादा वजनाचे पैसे दुसऱ्या काउंटरवर, घड्याळाकडे पाहत भरावे लागतात. दोहोंपैकी जी मर्यादा कमी असेल, तिच्याप्रमाणेच बॅगा भरा आणि एकही बॅग ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका. मध्यरात्रीनंतरचे उड्डाण असेल तर तारीख दोनदा तपासा. तिकीट परतीचे असेल आणि पहिले उड्डाण चुकले, तर त्याच तिकिटावरची पुढची उड्डाणेही बहुधा रद्द होतात, हेही विसरू नका.

विमान चुकल्यावर हक्काचे काय उरते, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम जोडउड्डाण चुकल्याची भरपाई देतो, पण दोन्ही उड्डाणे एकाच बुकिंगमध्ये असतील तरच. सामानाची नुकसानी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते, मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची बॅग मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. पण बॅग तुम्ही मधल्या पट्ट्यावरून धडधाकट उचलली, की पहिल्या कंपनीशी तुमचे नाते संपले. विमा घ्याच, मात्र त्यात ‘स्वतंत्र तिकिटे’ वगळलेली आहेत का आणि दोन उड्डाणांत किमान किती तास असावेत अशी अट आहे, हे पैसे भरण्याआधी वाचा. आमच्या विम्यात चार तासांची अट होती. ती मी नंतर वाचली.

आता ज्यामुळे हे सगळे लिहायला बसलो ते. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. नव्या शाळेत तिला कोणत्या इयत्तेत घ्यायचे, हे ठरवणारी चाचणी आम्ही पोचायचो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होती, आणि मी त्या हिशेबानेच ही स्वस्त जोडी निवडून स्वतःवर खूश झालो होतो. तिने कंपासपेटी मोठ्या बॅगेत जाऊ न देता स्वतःच्या पाठपिशवीत ठेवली होती. पहिल्या विमानतळावर सुरक्षातपासणीत तिला कोणी काही म्हटले नाही. विमान चुकल्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्हाला बाहेरून पुन्हा आत जावे लागले, म्हणजे तपासणी पुन्हा झाली, आणि तिथल्या बाईने पेटी उघडून कर्कटक तेवढे काढून घेतले. मुलीने नव्या देशाच्या वेळेवर लावलेल्या आपल्या घड्याळात पाहिले आणि काहीच बोलली नाही. नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती.

शाळेने पुन्हा चाचणी घ्यायला नकार दिला नाही, फक्त न येण्याच्या कारणाचा लेखी पुरावा मागितला. दुसऱ्या कंपनीने पत्र द्यायचे साफ नाकारले, कारण तिच्या नोंदीत विमान वेळेवर सुटले होते आणि आम्ही ‘उपस्थित न झालेले प्रवासी’ होतो. पहिल्या कंपनीने अकरा दिवसांनी एक नम्र पत्र पाठवले, की अमुक उड्डाण अमुक ठिकाणी पस्तीस मिनिटे उशिरा पोचले. ते पत्र घेऊन मी शाळेत गेलो. समोरच्या बाईंनी ते दोनदा वाचले आणि विचारले, की पस्तीस मिनिटांचा एक संपूर्ण दिवस कसा झाला. मी टॅग, पट्टा, दोन तिकिटे, सगळे समजावून सांगितले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आले, की मी उशिराचे कारण सांगत नसून मी काय केले ते सांगतो आहे. मुलीला एक इयत्ता खाली बसवण्यात आले. वर्षअखेरीला पाहू, असे सांगितले गेले आणि वर्षअखेरीला कोणी पाहिले नाही. त्या शाळेवरचा माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या बाईंचा प्रश्न चुकीचा होता, असे मला म्हणता येत नाही.

एकटेपणाचे विचारलेत. पहिले वर्ष जड जाते, पुढे सवय होते. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

तुमच्या तीन तास दहा मिनिटांना माझे उत्तर ‘नको’ असे आहे. एकच तिकीट घ्या, महाग पडले तरी. आम्ही वाचवलेली रक्कम दुसऱ्या दिवशीच्या चार तिकिटांपुढे किरकोळ ठरली. ते शक्यच नसेल, तर मधल्या देशाचा प्रवेशाचा व्हिसा काढून तिथे एक रात्र मुक्काम ठेवा आणि दुसरे उड्डाण नव्याने सुरू होणारा प्रवास आहे असे समजून घरून निघाल्यासारखे तीन तास आधी काउंटरवर जा. त्याच दिवशी पुढे जायचेच असेल, तर सहा तासांहून कमी अंतर ठेवू नका. मुलांच्या शाळेचे, नोकरीवर रुजू होण्याचे, घराची किल्ली घेण्याचे कोणतेही काम पोचल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत लावू नका, आणि शाळेचे मूळ दाखले मोठ्या बॅगेत घालू नका. घरी पत्नीला हा बेत सांगताना टॅगवरच्या तीन अक्षरांविषयी आधी सांगा.

हे लिहीत असताना मुलगी मागे उभी राहून वाचत होती. ती आता नोकरी करते. तिचे म्हणणे, काउंटरपाशी पोचलो तेव्हा ५२ नव्हे, ४८ मिनिटे राहिली होती. तिचा आकडा बरोबर असावा. घड्याळ तिच्या हातात होते आणि मी बॅगा ढकलत होतो.